निष्ठेच्या कौतुकाआड

युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकाच्या पत्नीबद्दल आपल्याकडे एका ठरावीक सुरात बोलले जाते. ती वाट पाहते, तिने दुसरे लग्न केले नाही, तिच्या त्यागाला वंदन असो. हार घातला जातो, शाल दिली जाते आणि विषय तिथेच संपतो. लढाऊ वैमानिकाच्या बाबतीत हा सूर आणखी चढतो. वैमानिक म्हणजे आकाश, वेग, शौर्य आणि पत्नी म्हणजे अंगणात उभी राहिलेली प्रतीक्षा, अशी वाटणी आधीच झालेली असते. मला ही दृष्टी उथळ वाटते, आणि घातकही.

माझे म्हणणे असे आहे की बेपत्ता वैमानिकाची पत्नी वर्षानुवर्षे जे करते ते मुख्यतः हिशेब मागण्याचे काम असते. ज्या राज्याने माणूस युद्धावर धाडला त्याने त्या माणसाचे काय झाले हे सांगायचे असते. ते सांगितले जात नाही, तेव्हा त्या न दिलेल्या उत्तराचा भार एका बाईच्या आयुष्यावर येऊन पडतो. मग त्या भाराला आपण निष्ठा म्हणतो आणि राज्याची जबाबदारी तिच्या सद्गुणात विरघळून जाते. हे नेमके कसे घडते ते फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आणि दमयंती तांबे यांच्या उदाहरणावरून पाहू.

1. एकट्याचे विमान, शत्रूच्या हाती पुरावा

विजय तांबे वायुदलाच्या 32 व्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-7 चालवत. 5 डिसेंबर 1971 रोजी, युद्धाच्या तिसऱ्या दिवशी, पाकिस्तानातील शोरकोट रोड विमानतळावरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले. तेव्हा त्यांच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पत्नी दमयंती, माहेरच्या सुभेदार, तीन वेळा बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळालेला होता. देशाला त्या वेळी त्यांचे नाव पतीच्या नावापेक्षा जास्त ठाऊक होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या पन्नास वर्षांत त्यांची ओळख कशी उलटली ते त्यावरून कळते.

सुखोई-7 हे एक आसनाचे, एका इंजिनाचे रशियन बनावटीचे विमान. शत्रूच्या विमानतळावर हल्ला करायचा तर खूप खाली उतरून, विमानविरोधी तोफांच्या माऱ्यातून सरळ रेषेत जावे लागे. पायदळातला जवान पडतो तेव्हा शेजारी त्याच्या तुकडीतले लोक असतात. कोणी पाहिलेले असते, कोणी खांद्यावर उचलून मागे आणलेले असते. वैमानिकाला हे भाग्य नाही. त्याच्या कॉकपिटमध्ये दुसरा माणूस नसतो. सोबतच्या विमानातला साथीदार प्रचंड वेगात पुढे निघून गेलेला असतो, त्याला फार तर धुराचा लोट दिसतो. छत्री उघडली का, माणूस जमिनीवर जिवंत पोचला का, याचा पुरावा पूर्णपणे शत्रूच्या भूमीवर आणि शत्रूच्या हातात राहतो.

1971 च्या युद्धातील बेपत्तांच्या ज्या यादीला पुढे ‘54 जण’ म्हणून ओळख मिळाली तिच्यातली जवळजवळ निम्मी नावे वायुदलाची आहेत. भूदलाच्या तुलनेत वायुदल केवढे छोटे! पण हवाई लढाईचे स्वरूप पाहिले तर हे प्रमाण अनाकलनीय राहत नाही. आणि ही गोष्ट विमान उडण्यापूर्वीच ठाऊक असते. ज्या राज्याला ती ठाऊक आहे त्याने पडलेल्या वैमानिकाचा शोध ही युद्धाचीच एक नियोजित कामगिरी धरायला हवी. ती तशी धरली जात नाही, म्हणून ती घराच्या उंबऱ्यावर येऊन पडते.

2. देह नाही, म्हणून विधी नाही

आमचा बुलढाणा जिल्हा मरणाच्या सार्वजनिक विधीला अपरिचित नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामाच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जिल्ह्यातले दोन जवान गेले, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. पार्थिव गावी आले आणि शासकीय इतमामात निरोप दिला गेला. दुःख त्याने हलके होत नाही, पण घराला आणि गावाला काय करायचे ते कळते. मरण सर्वांनी मिळून मान्य केलेले असते.

बेपत्ताच्या घरी गावाला काहीच करता येत नाही. सांत्वनाला जावे तर आपणच त्याला मारल्यासारखे होते, न जावे तर माणुसकी सुटते. आपल्या धर्मशास्त्राला ही अडचण जुनी ठाऊक आहे. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा किंवा काड्यांचा देह करून दहन करण्याचा पालाशविधी आहे, आणि परागंदा माणसाची बारा वर्षे वाट पाहण्याची रूढी आहे. ब्रिटिशांनी 1872 च्या पुरावा कायद्यात ही मुदत सात वर्षांवर आणली. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत मानता येतो, आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ती तरतूद ठेवली आहे. दोन्ही व्यवस्था मागे उरलेल्यांना पुढे जाता यावे म्हणून केलेल्या आहेत, आणि त्या शहाण्या आहेत. पण त्यांचे एक गृहीत आहे : खबर नाही. युद्धकैद्याच्या बाबतीत खबर असते, अर्धवट असते, आणि ती नष्ट होत नाही. तांबे यांच्या नावाशी जुळणारे नाव त्या युद्धाच्या दिवसांतच ढाक्याच्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’मध्ये पकडलेल्या भारतीय वैमानिकांत छापून आले होते. अशी बातमी हाती असलेल्या बाईने सात वर्षांनी किंवा बारा वर्षांनी कोणता विधी करायचा?

अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस घरात नाही आणि गेल्याचेही ठरत नाही, या अवस्थेला त्यांनी स्वतंत्र दुःख मानले. त्यांच्या मांडणीतला महत्त्वाचा भाग असा की दोष घरच्यांच्या मनात नसून परिस्थितीत आहे. ‘ती अजून स्वीकारतच नाही’ असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याने हे लक्षात घ्यावे. स्वीकारायला आधी काहीतरी निश्चित समोर ठेवलेले असावे लागते.

3. पानिपतानंतरची पार्वतीबाई

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले, पण त्यांच्या देहाविषयी खात्री पटेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मरण मानले नाही, विधवेचा वेश घेतला नाही. आपण ही कथा अडीचशे वर्षे पतिप्रेमाची कथा म्हणून सांगत आलो. मला तिच्यातला दुसरा भाग अधिक बोलका वाटतो. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले जाऊ लागले, तेव्हा पेशवाईने चौकशी केली, ओळख पटवणारे आणि नाकारणारे साक्षीदार तपासले आणि 1776 साली त्याला देहान्त शासन दिले. म्हणजे भाऊ कोण आणि कुठे, हे ठरवण्याची यंत्रणा राज्याकडे होती. गादीला धक्का पोचताच ती हलली. एका बाईचे आयुष्य अधांतरी लटकले होते, तेवढ्यासाठी मात्र ती हललेली दिसत नाही.

हाच धडा 1971 नंतरच्या काळाला लागू पडतो. 16 डिसेंबर 1971 च्या शरणागतीनंतर सुमारे 93,000 पाकिस्तानी युद्धकैदी भारताच्या ताब्यात होते. जुलै 1972 मध्ये सिमला करार झाला, ऑगस्ट 1973 मध्ये दिल्ली करार झाला आणि ते कैदी टप्प्याटप्प्याने परत गेले. हे करणे मानवतेचे होते आणि जिनिव्हा कराराला धरूनही होते. लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडावे असे त्या कराराचे 118 वे कलम सांगते. पण आपल्या बाजूच्या प्रत्येक बेपत्ता नावापुढे उत्तर लिहून घेतल्याशिवाय तो व्यवहार पुरा झाला कसा, हा प्रश्न त्या वाटाघाटींचे गुणगान करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा. एप्रिल 1979 मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी पाकिस्तानात असल्याचे मानल्या जाणाऱ्या 40 जणांची यादी लोकसभेत ठेवली. पुढे ती 54 वर गेली, आणि अलीकडच्या संसदीय उत्तरांत बेपत्ता संरक्षण कर्मचाऱ्यांचा आकडा 83 येतो. पाकिस्तान सतत म्हणत आला की असा एकही कैदी आमच्याकडे नाही.

4. वंशावळ कोणाला मोजते

आता घराकडे वळू, कारण राज्य जे करते त्याची मुळे घरात सापडतात. भाटांच्या वह्यांत आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत वंश बापाकडून मुलाकडे जातो. सुनेचे नाव आले तर कोणाची तरी आई म्हणून येते. ज्याला मूल नाही त्याची रेघ तिथे थांबते. घरातला पोर लढाऊ वैमानिक होता, युद्धात पडला, ही गोष्ट त्या पानावर कौतुकाने लिहिली जाईल. मूल नसलेली त्याची पत्नी मात्र त्या पानावर कशाच्याही आधाराने टिकत नाही. दोन पिढ्यांनी तिचे नाव कोणी विचारणार नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले साखरखेर्डा ज्या सिंदखेडराजा तालुक्यात आहे तिथे तरी हा विचार व्हायला हवा. दर 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी माणसांचा सागर लोटतो, आणि तो लोटावाच. पण 1629 मध्ये देवगिरीवर निजामशाही दरबारात जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव आणि त्यांची मुले मारली गेली, त्या मुलांच्या बायकांची नावे त्या गर्दीतल्या किती जणांना सांगता येतील? खुद्द साखरखेर्ड्याजवळ 11 ऑक्टोबर 1724 रोजी निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान पडला, दख्खनमध्ये आसफजाही सत्तेचा पाया रोवला गेला आणि गावाला विजयावरून फतेहखेर्डा हे नाव पडले. जिंकणारा आणि हरणारा, दोघेही इतिहासात आहेत. बाकी जे कोणी या मातीत पडले त्यांच्या घरी काय कळवले गेले, कोणी कळवले, काही कळवले का, याचा मागमूस नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईकडून ती अपेक्षा करणे चुकीचे ठरेल. पण 1971 च्या लढाईलाही आपण तीच सवलत देत आहोत, हे मला सहन होत नाही.

वंशावळीची ही नजर सरकारी नियमांतही होती. शौर्यपदक मिळवून मरण पावलेल्या सैनिकाच्या विधवेला मासिक भत्ता मिळतो. तिने पुनर्विवाह केला तर तो बंद होई. दिराशी केला तर चालू राही. याचा अर्थ सरळ आहे : भत्ता त्या बाईला नव्हता, नवऱ्याच्या कुळात राहण्याबद्दल होता. ही अट नोव्हेंबर 2017 मध्ये काढली गेली. स्वातंत्र्याला तोवर सत्तर वर्षे झाली होती. दुसरे लग्न न करणाऱ्या बाईला आपण जेव्हा वंदन करतो तेव्हा त्या वंदनात ही अट किती मिसळलेली असते, ते प्रत्येकाने आपल्याशी तपासावे.

5. तपास कोणी केला

दमयंती तांबे यांनी पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली. नोकरी सांभाळून त्या पत्रव्यवहार करत राहिल्या, अधिकाऱ्यांना आणि मंत्र्यांना भेटत राहिल्या, इतर कुटुंबांशी धागा जोडत राहिल्या. 1983 मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात जाऊ दिले गेले. जून 2007 मध्ये 14 नातेवाईक पाकिस्तानातल्या दहा तुरुंगांत फिरून आले, त्यांत दमयंती तांबेही होत्या. हाती कोणी लागले नाही. तरी या कामाचे स्वरूप बघा. छापील बातमीतले नाव जुळवणे, सुटून आलेल्या कैद्याची साक्ष टिपून ठेवणे, ‘टाइम’ साप्ताहिकाच्या 27 डिसेंबर 1971 च्या अंकात गजांआड दिसणाऱ्या चेहऱ्यात आपल्या माणसाला ओळखणे, भुत्तोंच्या खटल्यावर लिहिणाऱ्या व्हिक्टोरिया स्कोफील्ड यांच्या पुस्तकात कोट लखपत तुरुंगातल्या भारतीय कैद्यांचा उल्लेख शोधून काढणे. ही सगळी कुटुंबांनी मिळून केलेली कामे आहेत. याला तपास म्हणतात. गुप्तचर विभागाने किंवा परराष्ट्र खात्याने हे केले असते तर त्याला आपण दुसरे कोणतेही नाव दिले नसते. घरच्यांनी केले, त्यातही बायकांनी पुढे होऊन केले, म्हणून ती माया ठरली.

अमेरिकेत हाच प्रवास पुढे गेला. नौदलाचे वैमानिक जेम्स स्टॉकडेल सप्टेंबर 1965 मध्ये उत्तर व्हिएतनामवर पडले आणि कैद झाले. सरकारने कुटुंबांना गप्प राहायला सांगितले होते. त्यांच्या पत्नी सिबिल यांनी 1968 मध्ये ती चुप्पी मोडली आणि पुढे बेपत्तांच्या कुटुंबांची राष्ट्रीय संघटना उभी केली. बेपत्ता वैमानिकाचीच पत्नी असलेल्या मेरी हॉफ यांच्या प्रयत्नांतून बेपत्तांचा काळा-पांढरा ध्वज आला, आणि तो आज तिथल्या सरकारी इमारतींवर फडकतो. स्टॉकडेल 1973 मध्ये परत आले. पण जे आले नाहीत त्यांच्या शोधासाठी तिथे कायमचे सरकारी कार्यालय आहे आणि ते अजूनही जंगलांतून, डोंगरांतून अस्थी शोधून ओळख पटवते. अमेरिकेच्या त्या युद्धाबद्दल माझे मत कठोर आहे, तरीही या बाबतीत तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे बायका तेवढ्याच झटल्या. त्यांच्या झटण्यातून अशी स्वतंत्र यंत्रणा मात्र उभी राहिली नाही.

आणखी मागे जाऊ. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढताना जून 1918 मध्ये फ्रान्समध्ये शत्रूच्या बाजूला पडले. त्यांची कबर हँगार्डच्या दफनभूमीत आहे, तिच्यावर नाव आहे. आपल्याला गुलाम मानणाऱ्या साम्राज्याने एका मराठी घराला एवढे तरी सांगितले. स्वतंत्र देशाने त्याहून कमी सांगावे, हे मान्य करण्यासारखे नाही.

6. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : वाट पाहणे ही त्या स्त्रीची खाजगी निवड आहे, तिच्यावर सिद्धान्त कशाला उभारता? निवड करायला दोन्ही बाजूंची माहिती लागते. पती मेला हे कळले असते आणि तरीही तिने एकटे राहायचे ठरवले असते, तर ती निवड झाली असती. ज्या बाईला काहीच सांगितलेले नाही तिच्यापुढे पर्याय ठेवलेला नसतो, ठेवलेला असल्याचा देखावा असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हे लोक आता हयात असणे शक्य दिसत नाही, काही तर विमान पडतानाच गेले असतील, यादीतल्या सगळ्या नावांमागचा पुरावा सारख्या ताकदीचा नाही, मग खोटी आशा का जागवता? यातले पहिले तीन भाग मी मान्य करतो. पण माझा मुद्दा कोणी जिवंत असण्यावर उभा नाही. स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या 7 सप्टेंबर 1965 ला सरगोधावरील हल्ल्यातून परतले नाहीत. त्यांनी आपल्या जुन्या मिस्टेअर विमानाने पाकिस्तानचे स्टारफायटर पाडले होते, हे जगाला कळले जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाच्या 1979 च्या पुस्तकातून. महावीर चक्र 1988 मध्ये दिले गेले, मरणानंतर 23 वर्षांनी, आणि ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले. देवय्या जिवंत नव्हते. तरीही सत्याने किती फरक पडला! मरणाची पक्की बातमी ही सुद्धा देणे असलेली बातमीच आहे. पुरावा असमान आहे, यावरून तर उलटच निष्कर्ष निघतो. प्रत्येक नावाची फाइल वेगळी उघडावी, जिथे मरण सिद्ध होते तिथे तसे लिहून द्यावे, जिथे कैद दिसते तिथे तसे म्हणावे. आज एकच माणूस निवृत्तिवेतनाच्या कागदावर मृत आणि संसदेच्या कागदावर पाकिस्तानच्या कैदेत असू शकतो. ही विसंगती कुटुंबांनी निर्माण केलेली नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वात जास्त बोचतो. वैमानिकाची पत्नी शिकलेली, अर्जुन पुरस्कार मिळालेली, दिल्लीत राहणारी, म्हणून तिचे नाव पुढे येते. खेड्यातल्या जवानाच्या बायकोचे काय? तिला पत्र लिहायला कोणी नाही, तिला इंग्रजी वर्तमानपत्राचा वार्ताहर ठाऊक नाही. हे खरे आहे. पण यातूनही माझ्याच म्हणण्याला बळ मिळते. शोध घेणे पत्नीच्या जिद्दीवर सोडले की ज्या घरात शिक्षण, ओळख आणि नोकरीचा आधार आहे तिथेच शोध चालतो. विदर्भातल्या एखाद्या शेतमजुरीच्या घरात तो पहिल्याच वर्षी थांबतो. निष्ठेच्या कौतुकाने हा भेद झाकला जातो. राज्याचे कर्तव्य म्हणून पाहिले तर दमयंती तांबे यांना आणि त्या अनाम बाईला एकाच दर्जाचे उत्तर मिळायला हवे.

चौथा आक्षेप वीरांच्या गोष्टींच्या बाजूने येतो. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर 10 डिसेंबर 1971 ला पडले, रावळपिंडीच्या छावणीतून ऑगस्ट 1972 मध्ये मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह निसटले आणि अफगाण सीमेच्या तोंडाशी लंडी कोतलला पकडले गेले. डिसेंबर 1972 मध्ये ते मायदेशी परतले. अशा गोष्टी पोरांना सांगाव्यात, त्यांनी छाती फुलते, मग बेपत्तांचे रडगाणे का? परुळकरांची गोष्ट मीही आनंदाने सांगतो. पण तिच्यातला एक तपशील सोडला जातो. ते परत आले कारण त्यांचे नाव युद्धकैदी म्हणून नोंदले गेले होते. नोंद झाली की माणूस कराराच्या छत्राखाली येतो. जो नोंदला गेला नाही त्याच्यासाठी कराराचे प्रत्येक कलम कोरे राहते.

7. काय करायला हवे

जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जो पहिला पूरक करार जोडला गेला, त्याच्या 32 व्या कलमात आपल्या माणसाचे काय झाले हे जाणण्याचा कुटुंबाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. भारत त्या पूरक कराराचा पक्षकार नाही. पाकिस्ताननेही त्याला मंजुरी दिलेली नाही. इतर कलमांबाबत आपली कारणे असतील, पण या एका हक्कासाठी आपल्याच संसदेला कायदा करता येतो, त्याला शेजाऱ्याच्या संमतीची गरज नाही. बेपत्ता सैनिकाच्या कुटुंबाला त्याच्या नावाची पूर्ण फाइल पाहण्याचा हक्क, ठरावीक वर्षांनी तिचा लेखी फेरआढावा आणि हे पाहणारे एक कायमचे कार्यालय, एवढे त्या कायद्यात असले तरी पुष्कळ होईल.

घरातली दुरुस्ती त्याहून सोपी आहे आणि तिला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. ज्या घराच्या वंशावळीत युद्धात गेलेला किंवा बेपत्ता झालेला माणूस आहे, त्याच्या नावाखाली रेघ थांबवू नये. त्याच्या पत्नीचे माहेरचे आणि सासरचे पूर्ण नाव लिहावे, तिचा स्वतःचा पेशा लिहावा, तिने कोणाला केव्हा पत्रे लिहिली, कोणते उत्तर आले, कोणते आले नाही, हे तारखांसह लिहावे. ती पत्रे घरात असतील तर प्रती काढून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्याव्यात. तिने पुढे दुसरे लग्न केले असेल तर तेही त्याच पानावर, त्याच अक्षरात लिहावे.

विजय तांबे यांच्या पानावर मी असे लिहीन : लढाऊ वैमानिक, 32 वे स्क्वाड्रन, 5 डिसेंबर 1971 पासून बेपत्ता, शासनाकडून अंतिम उत्तर येणे बाकी. पत्नी दमयंती, बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्कार 1970, 2007 मध्ये पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन शोध घेतला. शोध अपुरा.